एसी बंद करून वाचावे

मी, विभावरी संजीव गायधनी, मूळची नाशिकची, सध्या मुक्काम अल खोर, कतार, धंदा आवाजाचा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि दुसरा चहा घेऊन झाल्यावर माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. रविवारी माझ्या थायरॉईडची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला फारसा धोका नाही. आवाज मात्र बदलू शकतो, क्वचित जातोही. मला जिवापेक्षा आवाजाचीच भीती जास्त वाटते. पितृपंधरवड्यात असले काही लिहू नये, असे माझ्या नणंदबाई नमितावन्सं यांनी नाशिकहून फोनवर बजावले आहे. त्यांची हरकत येथे नोंदवली आहे.

कलम १. नाशिकचा फ्लॅट आणि बँकेत असेल ते सर्व माझे पती श्री. संजीव यांचे. यात वाद नाही, म्हणून लांबण लावत नाही.

कलम २. कुकरही त्यांनाच. कारण सांगणे भाग आहे. मी कंपन्यांच्या सुरक्षेच्या फिल्मना हिंदी आणि मराठी आवाज देते. बेडरूमच्या कपाटात, कपड्यांच्या मधोमध बसून रेकॉर्डिंग करते, आणि एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून तेवढा वेळ घरातले सगळे एसी बंद असतात. कतारच्या उन्हाळ्यात ही काही साधी गोष्ट नाही. अशाच एका दुपारी मला मदत व्हावी म्हणून ह्यांनी हळूच वरणभाताचा कुकर लावला, आणि मी "गॅसगळती झाल्यास" असे म्हणायला आणि शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. क्लायंटचा निरोप आला, अलार्मचा आवाज छान आहे, कुठून घेतला? अहो, त्या शिट्टीइतके प्रेम माझ्यावर कोणी केलेले नाही. तरीही, घरात कोणी काम करत असताना मदत करायची झाल्यास आधी विचारावे.

कलम ३. पाहुण्यांची घडीची खाट नमितावन्संना. "तू घरीच तर असतेस" हे वाक्य त्यांनी मला दोहाच्या विमानतळापासून सूक वाकिफच्या जुन्या बाजारापर्यंत सगळीकडे ऐकवले आहे, आणि त्या वाक्याच्या जोरावर मी त्यांच्या चुलत-मावस नातेवाइकांना शहर दाखवत फिरले आहे. खाट घ्यावी, तिच्यावर आरामात पडावे, आणि पुढच्या वेळी घरी काम करणाऱ्या बाईला विचारावे, आज वेळ आहे का गं? राग म्हणाल तर एवढाच. माझ्या बाळंतपणात त्यांनीच मला डिंकाचे लाडू करून पाठवले होते, तेही मी विसरलेले नाही.

कलम ४. आता माझी एकुलती मुलगी, सौ. अंतरा. ती दोहातल्या अल दुहैलला राहते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, नोकरी नाही, मिळेल ते काम घरून. तिला मुलगी झाली आहे, अजून पालथीही पडत नाही. तिच्याकडे आजवरचे सगळ्यात मोठे काम चालून आले आहे आणि शनिवारी रात्रीपर्यंत हो किंवा नाही कळवायचे आहे. परवा फोनवर मला म्हणाली, "आई, आय कान्ट डू बोथ. आय ॲम सेयिंग नो." मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणून हे लिहिते आहे.

अंतरा, कपाट कंपनीच्या घराचे आहे, ते देता येत नाही. आवाज घुमू नये म्हणून आत टांगलेल्या गोधड्या घे. कामाला दार हवे, मग ते कपाटाचे का असेना. जेवणाच्या टेबलावर बसलीस तर लोक वरणाची वाटी तुझ्या चित्रावर ठेवतील आणि वर त्यांचे चुकले असेही म्हणता येणार नाही.

माझी लाल ओढणीही तुझीच. ती दाराच्या मुठीला असली की आत यायचे नाही, हे तुला तू चालायला लागलीस तेव्हापासून ठाऊक आहे. पण उगाच लावून ठेवू नकोस. मी मोबाइल बघत बसले असताना ती कधी लावली नाही, म्हणून तुझा तिच्यावर विश्वास बसला. काम संपले की मी मोठ्याने "खलास!" म्हणायचे, एसी लावायचे आणि फोन वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात टाकायचे. तूही टाक. गुरुवारी संध्याकाळी ज्या क्लायंटला अचानक घाई होते, त्याला रविवारी उत्तर दे. शुक्रवारी बाबांना सुट्टी असायची. तो दिवस मी कोणाला विकला नाही. आठवड्यातून दोनदा खिचडी झाल्याने तुमच्यापैकी कोणी वाळले नाही.

आणि मदत माग. शेजारच्या सितारामुळे मी धंद्यात टिकले. रत्नागिरीची ही बाई पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाली, "पोरीस माज्याकडं धाड गो, तू बोलून घे." तू तिच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या खाऊन मोठी झालीस. बदल्यात मी तिच्या मुलांचे अभ्यास घेतले. आम्ही एकमेकींचे आभार कधी मानले नाहीत, आणि आता मानले तर ती सही करायची नाही.

कलम ५. माझा माइक अंतराच्या मुलीला. रविवारनंतर मी असले पण आवाज नसला, तरी हे कलम लागू समजावे.

कलम ६. एक रेकॉर्डिंग अंतराला. सितारा गावी गेली होती, तू तापातून नुकती उठली होतीस आणि मला सोडायला तयार नव्हतीस. मी तुला कपाटात घेतले. तू माझ्या मांडीवर, बाबांच्या कोटाखाली झोपलीस. मी हलक्या आवाजात वाचले, "रुकिए. देखिए. फिर चलिए." नंतर ऐकताना कळले की "देखिए"नंतर एक श्वास आहे, आणि तो माझा नाही. पुसायला एक क्षण लागला असता. मी तो ठेवला. ती फिल्म अनेक वर्षे रास लफानच्या गॅस प्रकल्पात कामगारांना कामावर घेताना दाखवली जायची. तिथेच नोकरीला असलेल्या बाबांनाही ती दरवर्षी बसून बघावी लागे, आणि तेवढ्या जागी ते डोळे मिटायचे. इतके लोक तुझ्या श्वासापाशी थांबून, बघून, मग पुढे गेले, बाळा. मलाही दोन्ही जमत नव्हते. मी दोन्ही एका कपाटात घेऊन बसले, इतकेच.

कलम ७. मृत्युपत्र मृत्यूनंतर वाचतात हे मला माहीत आहे. हे शनिवारी दुपारी वाचावे. कायद्याला चालते का, हे जावई मिहीर यांनी शोधत बसू नये. अंतराने स्वतः, मोठ्याने, मराठीत वाचावे. अडखळली तर चालेल. वाचन माझ्या माइकवर रेकॉर्ड करावे, कारण रविवारी शुद्धीवर आल्यावर मला बोलता आले नाही तर मला ते ऐकायचे आहे. वाचून झाल्यावर अंतराने कामाचे काय ते कळवावे. तिने नाही म्हटले तरी ओढणी तिचीच.

साक्षीदार: सितारा (सही करताना म्हणाली, "मेल्या डॉक्टराला सांग, आवाज माज्या शेजारणीचा हाय, जपून काप") आणि तिचे यजमान इलियास, ज्यांनी यावर "इन्शाल्ला" म्हटले.

सही: विभावरी संजीव गायधनी
अल खोर, गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

सहीनंतर आठवले, तेही मृत्युपत्राचाच भाग समजावे: वाचताना एसी बंद ठेवावा. बाळ मध्ये रडले, तर ते पुसू नये.