अठ्ठावीस बोल्ट

हॅनकॉक, मिशिगन
मंगळवार, ता. ९ मार्च १९९३

ती. लेंपीअक्कास,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीनं लिहून गेला. खोडत नाही, पण या वेळी तो नाहीच असं समज.

तू शनिवारी बस पकडलीस आणि सोमवारी मला कळलं की माझ्या घरात चोरी झाली आहे. चोर पंधरा दिवस माझ्याच स्वयंपाकघरात वेलचीचा पाव भाजत होता. काल तळघरात गेलो. भिंतीवर अठ्ठावीस रायफली जागच्या जागी, आणि एकीतही बोल्ट नाही! एखादा गेला असता तर म्हटलं असतं, वय झालं, ठेवला असेल कुठेतरी. पण अठ्ठावीसच्या अठ्ठावीस? बोल्ट कसा काढायचा हे तीस वर्षांपूर्वी मीच तुला हौसेनं शिकवलं होतं. चांगले पांग फेडलेस!

गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्टच नसला तर रायफल म्हणजे दाराला लावायचा अडसर. आणि कुठलाही बोल्ट कुठल्याही रायफलीत चालत नाही, हे तुला हजारदा सांगून झालंय. नळीवर जो नंबर, तोच बोल्टवर लागतो. जुळला तर तिला मान, नाहीतर भंगार. फिनलंडच्या सैन्यातून मोडीत निघालेली माझी ती १९३९ची, नंबर ५२८१७, तिचा मूळ बोल्ट शोधायला मला अकरा वर्षं लागली. ओहायोतल्या एका दंतवैद्याकडे तो भलत्याच रायफलीत सापडला होता. आणि तू ते सगळे पिशवीत बटाट्यांसारखे कोंबून घेऊन गेलीस.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी एस्कनाबाला प्रदर्शन आहे, माझं टेबल ठरलेलं आहे. फोन केला तर माझा आवाज ऐकून तू दोनदा ठेवून दिलास, म्हणून हा कागद. आठ दिवसांत बोल्ट आले नाहीत तर शेरीफकडे जाईन. तो तुला घाबरतो हे मला ठाऊक आहे, पण कायदा त्याच्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

लोभाचं बोल्ट आल्यावर बघू.
रेनो


डुलुथ, मिनेसोटा
शनिवार, ता. १३ मार्च १९९३

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नमस्कार हातचा राखलास तरी मी आशीर्वाद राखत नाही, कारण तुला त्यांची गरज दिसते.

हो, मीच नेले. शुक्रवारी तू चर्चमध्ये हिशेबाच्या सह्या करायला गेलास तेव्हा तासाभरात काढले. बसच्या ड्रायव्हरनं पिशवी उचलताना आत काय दगड आहेत का म्हणून विचारलं, तर मी म्हटलं भावाचं डोकं आहे. शेरीफला खुशाल पाठव. त्याच्या आईला मी शाळेत शिकवलंय, कॉफी पाजून परत पाठवीन.

तुझ्या त्या लोखंडाबद्दल आजवर गप्प बसले ते भावजयीकडे, इल्मीकडे बघून. चाळीस वर्षं दर वर्ष-दीड वर्षानं एक लांबलचक खोकं यायचं, आत ग्रीसमध्ये बुडवलेली कुठल्यातरी हरलेल्या सैन्याची रायफल. ते ग्रीस वितळवायला तू इल्मीची भट्टी वापरायचास आणि मग आठ दिवस तिच्या पावाला बराकीचा वास. नाताळात नवा कोट घ्यायचा म्हणून ती दरवर्षी म्हणायची आणि कोटाऐवजी भिंतीवर एक वाढायची. तिला तिच्या जुन्या कोटातच पुरलं, रेनो. हे मी तोंडावर बोलले नाही, आता लिहिते.

पण बोल्ट मी त्यासाठी नेले नाहीत. दफनानंतरच्या कॉफीला तू कपबशा गोळा करत होतास. कुणी बघत नाहीसं पाहून मला म्हणालास की आता काही उरलं नाही, दिवे मालवायचे आणि इल्मीमागोमाग निघायचं. मग लगेच विचारलंस, साखर कुठे ठेवू? तुला वाटलं मी साखरेचंच ऐकलं. मी दोन्ही ऐकलं. माझ्याबरोबर चल म्हटलं तर आला नाहीस. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नसती तर मी हललेच नसते. म्हणून शेजारच्या वाइनोला सांगून आले, आणि बोल्ट घेऊन आले.

आता माझं ऐक. दर आठवड्याला एक पत्र लिहायचं. काय खाल्लंस आणि कुणाशी बोललास ते त्यात हवं. एका पत्राला एक बोल्ट, पार्सलनं. फोन मी घेणार नाही, कारण फोनवर तू ‘बरा आहे’ म्हणून दोन शब्दांत निसटतोस. पत्र लिहायला निदान तासभर टेबलाशी बसावं लागतं.

आणि एक सांग. तू रायफली महिन्याच्या शेवटच्या शनिवारी साफ करतोस, सॉनातल्या वाफेच्या अंघोळीआधी. इल्मी त्यावरून कॅलेंडर लावायची. सत्तावीस फेब्रुवारीला तू अठ्ठावीसही पुसल्यास, चिंध्या मी धरल्या होत्या. मग आठ मार्चला, सोमवारी, तू तळघरात काय करत होतास?

माझा लोभ आहेच, म्हणून तर ही भानगड.
तुझी अक्का


हॅनकॉक
गुरुवार, ता. १८ मार्च

ती. अक्कास,
नमस्कार इत्यादी.

बाई, तू शाळेतून निवृत्त झालीस ते कुणी तुला कळवलं नाही वाटतं! सहासष्ट वर्षांच्या माणसाला निबंध लिहायला सांगतेस? आर्विददाजी सगळी हयात मोठ्या सरोवरांतल्या मालबोटींवर का काढत होते, हे मला आता समजलं. घरापेक्षा वादळ बरं म्हणत असतील.

इल्मीच्या कोटाबद्दल तू बोलायचं नाहीस. तू वर्षातून दोनदा यायचीस, मी तिच्याबरोबर एकेचाळीस वर्षं राहिलो. तिला तो कोट आवडायचा. आवडत नसेल तर मला कधी म्हणाली नाही. आणि नसेलच म्हणाली तर ते आमच्या दोघांतलं आहे, तुझ्या खडूनं फळ्यावर लिहायचं नाही.

कॉफीच्या वेळी मी काय बोललो ते मला आठवत नाही. बायकोला पुरून आलेला माणूस काहीही बोलतो. तू ते धरून बसलीस, कारण लोकांच्या चुका धरून ठेवायची तुला लाल शाईपासूनची सवय. जित्याची खोड, दुसरं काय!

सोमवारी मी साफसफाईलाच गेलो होतो. तळघरात ओल असते, मार्चमध्ये बर्फ वितळून भिंतीला पाणी येतं, गंज काय शनिवार बघून चढतो? झालं समाधान? रायफल साफ करायला उतरलो होतो, एवढंच.

बटाटा-मांसाची पेस्टी खाल्ली, कालची, गार. पोस्टमनशी बोललो. तो म्हणाला थंडी आहे, मी म्हणालो हो. हे पत्र पुरेसं आहे. ५२८१७ आधी पाठव.

लोभ ठेवायचा की नाही ते पार्सल उघडून ठरवीन.
रेनो


डुलुथ
बुधवार, ता. २४ मार्च

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद.

बोल्ट पाठवला आहे. ५२८१७ नाही. तुझी ती रडकी स्वीडिश, जिच्या मापाची गोळी घरात नाही आणि जिला तू स्वतःच बाजारातली उरलीसुरली म्हणतोस, तिचा आहे. कुठला आधी पाठवायचा ते मी ठरवीन.

दाजींचं म्हणशील तर ते बोटीवरून दर बंदरातून पत्र टाकायचे. तुझ्यापेक्षा लांब आणि तुझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा चिडून वाचलं. तिसऱ्यांदा एका ओळीपाशी थांबले आणि उठून भांडी घासायला गेले. ‘रायफल साफ करायला उतरलो होतो, एवढंच.’ आपल्या घरात हे वाक्य आधी एकदा वापरून झालंय, रेनो.

तू दहा वर्षांचा होतास. खाण बंद होऊन बाबांना घरी बसून आठ महिने झाले होते. तुला सांगितलं की बाबा कोठीत सरकारी मोडीतली जुनी रायफल साफ करत होते, ती गंजलेली होती, आत गोळी अडकली होती, अपघात झाला. सगळ्या वस्तीनं तेच सांगितलं. पाद्रीबुवांनीही तेच सांगितलं, नाहीतर आईला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते खोटं होतं. रायफलीला गंज नव्हता. आदल्या दिवशी बाबा सरपण रचताना मला म्हणाले होते की मी नसलो तर खाणारं एक तोंड कमी होईल, तुम्ही सुटाल. मी पंधरा वर्षांची होते. मला वाटलं, मोठी माणसं असं बोलतात. मी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही, आज तुला सांगतेय.

म्हणून या वेळी ऐकलं आणि पिशवी भरली. तुला चोर म्हणायचं तर म्हण. मला छप्पन्न वर्षं स्वतःला जे म्हणावं लागलं, त्यापेक्षा ते पुष्कळ बरं आहे.

लोभ मागत नाही. उत्तर मागते, सोमवारचं.
अक्का


डुलुथ
सोमवार, ता. ५ एप्रिल

चि. रेनोस,
आशीर्वाद.

बारा दिवस झाले, पत्र नाही. मी हट्ट सोडून चारदा फोन केला, तू उचलला नाहीस. वाइनोला विचारलं तर म्हणतो, तुझ्या धुरांड्यातून धूर निघतोय, तू त्याला दारातून घालवून दिलंस. धुरावर माझं भागत नाही. डोळ्यावर पट्टी आहे, तरी हे लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत. शिव्या दे, शाप दे, पण लिही. शनिवारपर्यंत काही आलं नाही, तर पट्टीसकट बसमध्ये बसेन.

अक्का


हॅनकॉक
शनिवार, ता. १० एप्रिल

लेंपी,

अक्का लिहिणार नाही. आज मी तुझा भाऊ नाही, तू ज्याला छप्पन्न वर्षं बनवलंस तो माणूस आहे.

तुला कल्पना आहे तू काय केलंस? मी दहा वर्षांचा असताना ठरवलं की गंजानं माझा बाप मारला. कुणीतरी ती रायफल वेळेवर पुसली असती, आत गोळी आहे का बघितलं असतं, तर तो जगला असता. पंचविसाव्या वर्षी पहिली घेतली ती एवढ्याचसाठी. दुकानाच्या पिंपात भाजीसारख्या उभ्या करून ठेवल्या होत्या, ग्रीसनं माखलेल्या, कुणालाही नको असलेल्या, साडेनऊ डॉलरला एक. मला वाटलं, ही तशीच कुणाच्या तरी घरी गेली तर? घरी आणली, उघडली, आत काही अडकलेलं नाही ना ते बघितलं, पुसली. मग दुसरी आणली. चाळीस वर्षं, अठ्ठावीस रायफली, दर महिन्याचा शेवटचा शनिवार, मी बापाला अपघातातून वाचवत होतो. आणि अपघात झालाच नव्हता! तुला हे ठाऊक होतं आणि तू चिंध्या धरून शेजारी बसायचीस. इल्मीचा कोट तुझ्या खोट्यात गेला, माझ्या छंदात नाही.

आईचं समजू शकतो. पाद्रीबुवांचंही समजू शकतो. तू तर सगळ्यांच्या वह्यांवर खऱ्याखोट्याच्या खुणा करत जन्म काढलास. मी चाळिशीचा झालो तेव्हा सांगायचंस. पन्नाशीचा झालो तेव्हा तरी सांगायचंस. पंधरा वर्षांच्या पोरीला मी दोष देत नाही, ती माझी अक्का होती, रात्री मला कुशीत घेऊन निजायची. पण नंतरच्या बाईला देतो, आणि पुढेही देणार.

आता तुझं उत्तर. मी साफ करायला गेलो नव्हतो. तू ओळखलंस ते खरं होतं. सकाळी उठलो, दोन कप काढले, एक परत ठेवला आणि खाली उतरलो. पहिली हातात घेतली, तर ती रिकामी. मला आधी समजेचना. दुसरी घेतली, तीही तशीच. मग एकेक काढून बघत गेलो आणि दहाव्या-बाराव्यापाशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे तुझं काम. अक्का, मला इतका राग आला! चोर, मास्तरीण, लुडबुडी, काय काय म्हटलं मी तुला त्या रिकाम्या तळघरात, मोठमोठ्यानं. अठ्ठावीस पाहून होईतो मी कशाला उतरलो होतो ते मागेच पडलं होतं. दिवसभर घरात तुझ्याशी भांडत फिरलो. दुसऱ्या दिवशी उठलो तो शाई शोधतच. त्या दिवसापासून रोज सकाळी मी तुला काय सुनवायचं ते ठरवत उठतो.

बोल्ट पाठवू नकोस. एस्कनाबाचं टेबल रद्द केलं. गुरुवारी वाइनोला घरात घेतलं आणि सोमवारचं त्याला सांगितलं. तो मला गाडीत घालून सरळ डॉक्टरकडे घेऊन गेला. आता रोज सातला कॉफीला येतो आणि बशीत ओतून फुरके मारत पितो. असह्य माणूस आहे. डॉक्टरांनी दर बुधवारी बोलावलंय. आज खारवलेला मासा आणि बटाटे खाल्ले, गरम.

तू बसमध्ये बसू नकोस, डोळा सांभाळ. पत्र पाठव. बाबांचं सगळं लिही, ते सरपण रचत होते तिथपासून, काहीही गाळू नकोस. आणि गोड लिहिलंस तर फाडून टाकीन. मला तुझ्यावर अजून पुष्कळ चिडायचं आहे.

रेनो