आम्ही नेलेली जप्ती

जव्हार,
१८ जानेवारी

प्रिय अवंती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवलं नसशील, या आशेवर लिहिते आहे. उघडलंच आहेस तर आधी आनंदाची बातमी वाच. गेल्या मंगळवारी माझ्या आईने जप्ती नेली. हो, नेली! बारा बाया, एक टेम्पो आणि कोर्टाचं वॉरंट. भर बाजारात. अजून हसू आवरत नाही.

हा शब्द तुला नको वाटतो, मला माहीत आहे. पण थोडा वेळ सोस, कारण हल्ली शब्द समजावून सांगणं हेच माझं काम झालंय. इथल्या कोर्टात मी विधी स्वयंसेविका आहे. पाड्यांवरची माणसं कागद घेऊन येतात, मी तो वाचून त्यांच्या बोलीत सांगते. 'मुदत', 'हरकत', 'तहकूब' हे सगळं जमतं. 'जप्ती'पाशी मात्र अडखळायला होतं. शब्दकोशात सोपं आहे गं : न्यायालयाने किंवा सरकारने एखाद्याची मालमत्ता ताब्यात घेणे. पण बोलताना गंमत बघ. वर्तमानपत्रात जप्ती होते, वकिलांच्या तोंडी ज्याचं येणं आहे तो ती नेतो, आणि आमच्या पाड्यावर ती नुसती येते, साथ आल्यासारखी. आमच्यातलं कुणीतरी जप्ती नेतं आहे, असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आमच्या घरी ती आली तेव्हा मी चौथीत होते. मामाच्या मोटरसायकलच्या कर्जाला बाबा जामीन राहिले होते आणि मामा गुजरातेत कामाला गेला तो तिकडचाच झाला. कोर्टाचा बेलीफ येतोय कळल्यावर आईने भांडी आणि गोधड्या घरामागच्या कारवीच्या झाडीत नेऊन लपवल्या. बेलीफ डांबरी रस्त्यापासून चालत वर आले, घाम पुसला आणि प्यायला पाणी मागितलं. द्यायला घरात तांब्याच नव्हता! त्यांनी रिकाम्या फळीकडे बघितलं आणि ते म्हणाले, "बाई, भांडी घरात आणा. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र, हाताची हत्यारं, यांना मला कायद्यानं हात लावता येत नाही. कुणी लावला तर ओरडायचं." त्यांनी फक्त सायकल नेली. पावतीवर 'घंटी चालू स्थितीत' हेसुद्धा लिहिलं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. दोन महिन्यांनी मामाचं प्रकरण मिटलं, बाबा जव्हारला जाऊन सायकल घेऊन आले, तर साखळीला तेल घातलेलं. तेव्हापासून आईचं ठाम मत आहे की जप्ती म्हणजे जपून ठेवणं. मी तिला सांगितलं, अगं, हा शब्द फारसीतून आलाय, जपण्याशी त्याचं काही नातं नाही. ती म्हणाली, "तुज्या पुस्तकाची कुठं सायकल गेली होती?"

ते बेलीफ म्हणजे तुझे बाबा, बळवंतकाका. ही गोष्ट मी तुला कधीच सांगितली नव्हती. सांगायला हवी होती.

आता मंगळवारचं ऐक. दोन वर्षांपूर्वी आई आणि पाड्यावरच्या अकरा बायांनी एका ठेकेदाराच्या रिसॉर्टची दगडी भिंत बांधली होती. भिंत उभी राहिली, मजुरी मात्र मिळाली नाही. दावा लावला, निकाल बायांच्या बाजूने लागला, तरी तो ठेकेदार आज-उद्या करत राहिला. शेवटी कोर्टाने त्याच्या ऑफिसातल्या सामानाच्या जप्तीचं वॉरंट काढलं. बाया आमच्या सूर्यमाळहून पहिल्या एसटीने आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. काकांनी त्यांना कोर्टाच्या पायरीवर नियम सांगितला, "वस्तू तुम्ही दाखवायच्या, लिहायचं मी. हात कुणीच लावायचा नाही."

ऑफिसात ठेकेदार फिरत्या खुर्चीत बसलेला. काकांनी वॉरंट वाचलं. तो हसून म्हणाला, "बेलीफसाहेब, चहा घ्या. उद्या बघू." काका म्हणाले, "चहा नको. वॉरंटवर आजची तारीख आहे." मग ते आईकडे वळले आणि म्हणाले, "दाखवा." अवंती, आईचा हातच वर होईना. बाराही जणी चपला बाहेर काढून दाराशी दाटीवाटीने उभ्या. दुसऱ्याच्या वस्तूकडे बोट दाखवून 'ही द्या' म्हणायची सवय कुणाला होती? मला वाटलं, आता या अशाच परत फिरणार. काकांनी घाई केली नाही. पेनाचं टोपण काढून नुसते थांबले. शेवटी आईने हात उचलला आणि म्हणाली, "ती."

"कोणती?"

"सायेब बसलेत ती."

काका अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, उठावं लागेल. जप्त मालावर बसता येत नाही."

आणि तो उठला! मग काय, बायांना कंठ फुटला. टेबल, कूलर, सोफा. त्यांच्यातल्या रविनाने कोपऱ्यातल्या पिशवीकडे बोट केलं. पगार मागायला आलेल्या एका गवंड्याची ती पिशवी, थापी आणि ओळंबा असलेली. काकांनी मान वर करायच्या आत आई म्हणाली, "ती नाय. हाताची हत्यारं हायत." काकांचं लिहिणं थांबलं. पंधरा वर्षांत त्यांनी शेकडो घरं पाहिली असतील, आमचं त्यांना आठवलं असेल असं मी म्हणत नाही. पण 'बरोबर आहे, बाई,' म्हणून त्यांनी गवंड्याला पिशवी उचलून घ्यायला सांगितलं. तेवढ्यात चंदामावशीला काचेच्या पेटीतले मासे दिसले. काका म्हणाले, "मासे नेले तर लिलाव होईपर्यंत रोज खायला घालावं लागेल." मावशी म्हणाली, "मासं आमी खातो. त्यांना खायला कोण घालतंय?" ठेकेदाराचा कारकूनसुद्धा हसला. मासे राहिले.

खुर्ची टेम्पोवर चढली तेव्हा समोरच्या दुकानांतली गिऱ्हाइकं रस्त्यावर आली होती. लोक बघताहेत म्हटल्यावर ठेकेदाराला आतल्या कपाटाची किल्ली सापडली. पुरी रक्कम आली, काकांनी पावती फाडली आणि सामान उतरवायला सांगितलं. आईने हळूच विचारलं, "काका, खुर्ची उतरवायच्या आधी बसू का जरा?" ते म्हणाले, "जप्त मालावर कुणालाच बसता येत नाही, बाई." सगळ्यांत मोठ्याने हसली ती आईच. नंतर बायांनी स्ट्रॉबेरीचा एक खोका घेतला आणि काकांपुढे धरला. कामावर असताना घेत नाही म्हणून त्यांनी तो परत केला, पण एसटी सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहिले. त्या संध्याकाळी आई पाड्यावर दारोदार सांगत फिरली, "आमी जप्ती नेली." लहान मुलांनाही ते वाक्य पाठ झालंय.

अवंती, आता जे टाळत आले ते लिहिते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी काका तुझा विसरलेला डबा द्यायला वर्गाच्या दाराशी आले होते. मी त्यांना ओळखलं आणि आनंदाने ओरडले, "अगं, हे तर आमचे जप्तीवाले काका!" वर्ग हसला. तू सगळ्यांना सांगितलं होतंस की बाबा कोर्टात साहेब आहेत. त्यानंतर पोरी तुला काय काय म्हणायच्या, ते मी ऐकलं आहे. तू माझ्याशी बोलणं सोडलंस, काकांना कॉलेजात यायला बंदी केलीस, आणि पुण्याला गेलीस ती गेलीसच. आमच्या घरात तो शब्द भल्या माणसाचं नाव होता गं. तुमच्या घरात तो कसा ऐकू जाईल, याचा मी विचारच केला नाही. माझं चुकलं. सहा वर्षं उशिरा का होईना, माफ कर.

काका या महिनाअखेर निवृत्त होताहेत. शुक्रवारी, तीस तारखेला, दुपारी चार वाजता कोर्टात छोटा निरोप समारंभ आहे. बाराही बाया येणार आहेत, आई तर भाषण करायचं म्हणते. घरचे कोण येणार असं विचारल्यावर काकांनी फक्त वनमालाकाकूंचं नाव लिहून दिलं. तुझा पत्ता काकूंनीच मला दिला, काकांना न कळवता. पस्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या दारात न बोलावता गेला, पण स्वतःच्या लेकीला 'ये' म्हणायचा धीर त्याला होत नाही. म्हणून मी म्हणते आहे. ये. गुरुवारी रात्रीच माझ्याकडे आलीस तरी चालेल, मी स्टँडवर येऊन उभी राहीन.

तुझीच,
सोनी