मान हलवून चालत नाही

बा, आता लग्नं मी लावते. तू चिखल्याच्या खाणीतून ड्यूटी करून यायचा, अंघोळ करून पांढरा सदरा चढवायचा आणि वस्तीतल्या पोरापोरींची लग्नं लावायचा, तीच आपली बौद्ध पद्धतीची लग्नं. फरक इतकाच की तुले कोणी कार्ड दिलं नव्हतं, मले दिलं आहे. भंडाऱ्याले शिबिर झालं, तोंडी परीक्षा झाली, संस्थेत नाव नोंदलं गेलं. आता माझ्या सहीचा दाखला ग्रामपंचायतीत लग्नाच्या नोंदणीले चालतो. बकऱ्या कोण पाहील म्हणून तूच मले तिसरीतून काढली होती. सही तरी बरी येते.

शिबिरात सरावाले मलेच नवरी केली. नवरदेव कोण, तर आंधळगावचा एक रिटायर कंडक्टर. शिकवणारे म्हणाले, "मोठ्यानं बोला, मागच्या माणसाले आयकू गेलं पाहिजे." मी नवरीच्या प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, एवढ्या जोरात तर मी कधी तिकीट बी नाही मागितलं." सारे हसले. मले मात्र माझं लग्न दिसलं. तूच लावून राहिला आहेस. मी पांढऱ्या लुगड्यात पायाकडे पाहत उभी आहे. नवऱ्याच्या प्रतिज्ञा झाल्या, माझी बारी आली, तर तू विचारतोस, "मान्य आहे ना, माय?" मी मान हलवते आणि तू लगेच लोकांकडे वळून म्हणतोस, "झालं, टाका फुलं." जन्मभराचं काम, माझ्या तोंडून एक अक्षर न निघता झालं. शिबिरातच मी ठरवलं, माझ्या हातून असं लग्न लागणार नाही.

पण कार्ड मिळून उन्हाळा संपत आला तरी कोणी बोलावलं नाही. एक तर बाई, त्यात विधवा. शेवटी आंबागडच्या एका घरी लग्न लावायले ठरलेला माणूस तापानं पडला, म्हणून माझ्याकडे आले. हे बिघडलं तर पुन्हा कोणी दारात येणार नाही, हे मांडवात पाय ठेवतानाच माहीत होतं. वंदना झाली, नवरदेवाचं झालं. नवरीची बारी आली, तिनं मान हलवली.

मी म्हटलं, "मले आयकू नाही आलं."

तिनं पुन्हा हलवली.

"मान तर बकरी बी हलवते. तोंडानं म्हण."

तिचा मामा समोर आला. "आजी, लाजून राहिली पोरगी. चला ना पुढं, भात थंडा होऊन राहिला."

"भात तुले खायचा आहे बापू, नांदायचं तिले आहे."

वरमाय खुर्चीवरून उठली. मी मनात म्हटलं, गेलं, पहिलं आणि शेवटचं. मग पोरीनं मान वर केली. "आजी, तो बी तर पुटपुटलाच. त्याले काहून नाही टोकलं?"

खरं होतं. माझं सारं ध्यान तिच्यावर. त्याचं एक अक्षर कानावर आलं नव्हतं आणि मी झालं म्हणून पुढं निघाली होती, तुझीच लेक. नवरदेवाले म्हटलं, "बापू, पहिल्यापासून." त्याचे कान लाल झाले, पण म्हटलं त्यानं, खणखणीत. मग तिनं म्हटलं, असं की आचारी हातात झारा घेऊन पाहायले आले. फुलं पडली. वरमाय पंगतीत म्हणाली, "लय खाष्ट बाई आहे," आणि जाताना धाकट्या पोरासाठी माझा नंबर घेऊन गेली.

आता बोलावणं येते. दोघांकडून सारखंच म्हणवून घेते, आयकू येईपर्यंत. काही लोक कंटाळतात, कंटाळू दे. घरी येऊन पाय शेकते, चहा पिते, झोप चांगली लागते.

तुझ्याशी भांडण नाही. माणूस तू चांगला पाहिला होता, पिणारा नव्हता, आयकून घेणारा होता. हे पत्र काही कुठं जात नाही, नातीनं पाहिलं तर हसेल, म्हणून चुलीत घालीन. एक गोष्ट मात्र कोणाले सांगितली नाही. माझ्या लग्नात तू थांबला असता, तर मी हो म्हटलं असतं. पण पहिले तुम्हा साऱ्यांले थोडा वेळ उभं ठेवलं असतं.