उलट्या छत्रीतला नवरा

अहो,

पितृपंधरवडा तोंडावर आलाय. तेव्हा पान वाढीन, कावळ्याला हाक मारीन, सगळं रीतसर होईल. पण ही बातमी कावळ्याच्या भरवशावर सोडायची नाही, म्हणून आजच लिहायला बसले. सापडला हो! तुमच्या कोळ्याचा नर सापडला! संध्याकाळी मंजूने तुमच्या सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि रडायलाच लागली. "आई, बाबांचं बरोबर होतं," एवढंच म्हणाली.

कसा सापडला ते सांगते, पण माझ्या पद्धतीने. मध्ये बोलायचं नाही.

लग्नात ताटातल्या तांदळावर तुम्ही अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत, आठवतं? सासूबाईंनी ठरवलेलं. येवल्याची इंदू नाशिकला येऊन सुमन झाली. मला कुणी विचारलं होतं का? विचारायची रीतच नव्हती तेव्हा. पुढे माझी आई गेली, दादा गेले, आणि मला इंदू म्हणणारं कुणी उरलं नाही.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत पांडवलेण्याच्या पायथ्याशी, बोरीच्या झुडपात तुम्हाला ती पिवळसर मादी सापडली. कुठल्याच पुस्तकात नसलेली! नाव द्यायचा मान तुमचा. घरी येऊन बूट काढता काढता म्हणालात, "हिचं नाव इंदू ठेवतोय. लॅटिन शेपूट लावून."

केवढी भडकले होते मी! "फुलं संपली होती का जगातली? माझ्या नावाला ही आठ पायांची बयाच मिळाली?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तांदळातलं नाव आईचं होतं. हे माझ्याकडून."

भाजी करपतेय म्हणून मी आत पळाले. भाजी काही करपत नव्हती. मी तुमचं नाव उखाण्यात घेतलं, तुम्ही माझं लॅटिनमध्ये घेतलंत. अशी तऱ्हा आपली.

पण सुख कुठलं इतकं सरळ! परदेशातल्या कुणा बड्या अभ्यासकाने शंका काढली, की ही वेगळी जात कशावरून? जुन्याच जातीतली एखादी रंग बदललेली असेल. नर दाखवा. कोळ्याची जात पक्की ठरते ती नराच्या तोंडापुढच्या त्या दोन मुठींवरून, हे तुम्ही मला पोळ्या लाटताना समजावलं होतंत. नर मिळाला नाही तर नाव खोडलं जाणार होतं. "एकदा पुसलंय तुझं नाव," तुम्ही म्हणालात, "पुन्हा पुसू देणार नाही."

आणि मग सुरू झालं ते छत्रीप्रकरण! भर उन्हात छत्री उलटी धरायची, वर झुडपाला काठी मारायची आणि छत्रीत काय पडतंय ते बघायचं. काळ्या कापडावर बारीक कोळी दिसेनात, म्हणून तुमचंच जुनं धोतर फाडून मी आतून पांढरं अस्तर लावून दिलं. गल्लीतली माणसं हसायची. आणि देवळाली कॅम्पात तर त्या जवानाने तुम्हाला चौकीतच बसवून ठेवलं!

"छाता उलटा क्यूं पकडा है?"

"मकडी का दूल्हा ढूंढ रहा हूं," तुम्ही आपले खरं बोलून मोकळे! मी बसने धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हे असेच आहेत." तो असा हसला की आपल्याला चहा पाजूनच सोडलं.

आता माझा राग ऐका. तुम्ही शोधलंत कधी? दिवाळीच्या सुट्टीत. नाहीतर मे महिन्यात. पावसाळ्यात निघा म्हटलं, तर म्हणायचात, "ओल्या झुडपाला काठी मारली तर छत्रीत पाणीच पडतं गं." अहो, कॉलेजला सुट्टी लागेपर्यंत कोळी लग्नाचे थांबतात होय? एवढे शिकलेले तुम्ही, आणि वर्षानुवर्षं लग्न उरकल्यावर मांडवात जात राहिलात!

दवाखान्यात शेवटी धाप लागत असतानाही म्हणालात, "नर राहिला गं." माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. जणू माझा काही अपराध केला होतात. वेडे कुठले!

यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंजू पत्री आणायला निघाली. मीही चप्पल घातली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, यंदा तू कशाला?" म्हटलं, "पूजा तिची. मी नुसती छत्री धरते." पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, पानं सुकी होती. पत्रीत बोरीची पानं लागतातच, म्हणून त्याच झुडपांपाशी गेलो. मंजूने फांदी ओढली आणि टपकन अस्तरावर एक काळसर, किडकिडीत जीव पडला. त्या गुबगुबीत मादीशी काही म्हणता काही साम्य नाही!

त्याच झुडपावर तुमची मादीही होती, गुंडाळलेल्या पानात. मंजूने दोघांना बरणीत सोडलं. पुढचे पाय वर करून तो जो तिच्यापुढे नाचला! आज त्याच्या मुठी तपासल्या. जुन्या जातीशी जुळत नाहीत. नाव राहिलं, अहो. मंजू म्हणते, भाद्रपद सरला की हे नर मरून जात असतील, म्हणून दिवाळीत तुम्हाला नुसत्या माद्या भेटल्या.

मी विचारलं, "मग या नराचं नाव काय ठेवायचं?" तर पोरगी हसायला लागली. "वेगळं नाही गं आई. जात एक, नाव एक. त्यालाही तेच." ऐकलंत? जगात एक तरी नवरा निघाला, ज्याला बायकोचं नाव लागलं!

तुम्ही कोळी जपून ठेवलेत त्या नळ्यांमधलं स्पिरिट मी आटू देणार नाही, काळजी नको. आणखी एक शब्द देते. मंजूला स्थळं येताहेत. तिच्यापुढे तांदळाचं ताट येईल तेव्हा अंगठी मी तिच्याच हातात देईन, आणि त्या तांदळात 'मंजू'च लिहिलं जाईल. मुलाकडच्यांना बोलणीच्या दिवशीच सांगून ठेवणार आहे. पटलं तर पुढे बोलू.

तुमचीच,
इंदू