फॉल लावायला दिलेली साडी

४ ऑगस्ट, सोम.
मीटिंगमध्ये डोकं फिरलं. सगळ्या आशा सेविकांना नवी युनिफॉर्मची साडी वाटली. घरभेटीला तीच नेसायची, आणि पेशंट गोळी घेतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मी आरोग्य केंद्राच्या मॅडमना वैशालीचं सांगितलं. शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहते, टीबी आहे, घरमालकिणीला कळलं तर खोली जाईल. ती साड्यांना फॉल लावून देते, म्हणून मी साध्या कपड्यात जाते, पिशवीत वर साडी, खाली गोळ्या. कुणाला संशय नाही.
मॅडम : "प्रत्येकीचं वेगळं ऐकत बसले तर झालं काम!"
मग मीटिंग कशाला घेता?

५ ऑगस्ट
गेलेच साध्या कपड्यात. वै.चा खोकला कमी, भाकरी जाते आता. म्हणाली, "ताई, आता कुनाची साडी आनली?" माझ्या सगळ्यांना फॉल लावून झाले, ही जावेची जांभळी. हसलो दोघी.
संध्याकाळी ग्रुपवर मॅडम : फोटो नाही तर भेट धरली जाणार नाही. खाली माझं नाव. बाकीच्यांचे अंगठे.

७ ऑगस्ट
नेसले युनिफॉर्म. घरमालकीण ओट्यावर मासे साफ करत बसलेली. "कोनाला काय झालाय गो बाय?"
"सर्व्हे आहे," म्हटलं आणि तडक वै.च्या खोलीत शिरले. सर्व्हे असता तर आधी हिच्याच दारात थांबले असते ना. हे बाहेर पडल्यावर सुचलं. ती बघतच होती.
फोटो टाकला. मॅडमचा अंगठा आला.

९ ऑगस्ट
खोलीला कुलूप. घरमालकिणीने वै.ला खोदून विचारलं आणि खोली खाली करायला लावली. घरमालकीण : "माझे घरान ल्हान नातू हाय. मना आधी सांगाला नको?" औषध चालू आहे, आता तिच्यापासून धोका नाही, सगळं सांगितलं. ऐकेना. तिचा राग येतो, पण तिला निदान नातवाची काळजी आहे. मॅडमना कशाची?
वै.चा फोन बंद. तिच्याजवळ थोड्याच गोळ्या आहेत. औषध मध्येच तुटलं तर आजार उलटतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही.
मॅडमना फोन केला. "पेशंट शोधा. जबाबदारी तुमची." नियम करताना कुणाची होती?

१२ ऑगस्ट
तिचा नवरा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. केंद्रातून थेट तिकडे गेले, साडी तीच अंगावर. एक हमाल म्हणाला, "आत्ता हितंच हुता. तुमाला बघून मागनं सटकला." नवी खोलीही जाईल म्हणून घाबरला असणार. रडू आलं. मग संताप.
घरी आल्यावर हे म्हणाले, "सांगतात तेवढं कर ना, टेन्शन कशाला घेतेस?" मी जेवण वाढून बाहेर जाऊन बसले.

१४ ऑगस्ट
जुईनगरला आमच्या इस्त्रीवाल्याने हाक मारली. कुणी बाई साडी ठेवून गेली, माझ्यासाठी. जावेची जांभळी. फॉल लावलेला, बारीक टाके, नेहमीसारखे. घडीत गोळ्यांचं रिकामं पाकीट.
संपल्यात गं बाई तिच्या.
"कुठे राहते, काही बोलली?"
"नाय ओ ताई. उद्या सकाळी दुसरी साडी असंल तर न्यायला येते बोलली. पन नक्की नाय."
उद्या झेंडावंदन. केंद्रावर सगळ्यांनी युनिफॉर्ममध्ये हजर, ग्रुप फोटो आहे. काढा म्हणावं. मी इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभी राहणार, घरातल्या ड्रेसवर.
साडी शोधायला कपाट उघडलं. माझ्या झाल्या, जावेच्या झाल्या. फॉल न लावलेली एकच उरली आहे, युनिफॉर्मची. तीच घडी करून पिशवीत घातली. खाली गोळ्या.