हुंकाराचा निकाल

३ मार्च
घरातल्या नव्या किटलीचा जाहीर निषेध. पाणी उकळून आटलं तरी शिट्टी नाही. काम झालं हे उपकरणाने कळवू नये? हा उद्दामपणा आहे. ही म्हणते, "अहो, वाजत होती की! शेजारीण विचारायला आली." सहधर्मचारिणी किटलीच्या पक्षात.

५ मार्च
नेटवर्कच्या मानक समितीत आज माझ्या 'पोच' कलमावर घाला. निरोप मिळाला की प्रत्येक यंत्राने "मिळाला" असं उलट कळवलंच पाहिजे, हा नियम मी लिहिला तेव्हा ही मंडळी दप्तरं सांभाळत होती. आता म्हणे घरोघरचे बल्ब-पंखेही नेटवर्कवर, पोचपावत्यांनी लाइन तुंबते. तुंबू दे! शिष्टाचार सोडायचा? शिवाय हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. डोकं फिरलं.

९ मार्च, सकाळ
आमच्या समितीत मतदानाला हात वर करत नाहीत. तोंड मिटून हुंकार द्यायचा. ज्या बाजूचा मोठा, ती बाजू जिंकली. माझा घसा पाठशाळेत संथा घेऊन तयार झालेला. प्राणायाम चालू. विजय ठरलेला.

११ मार्च
प्राणायाम उद्यापासून.

१२ मार्च
जिंकलो! "कलम ठेवा" अध्यक्षबाईंनी म्हणताच असा हुंकारलो की पुढचा दचकून वळला. "काढा" म्हणताच सभागृह चिडीचूप. तरीही अध्यक्षबाईंनी कलम काढल्याचं जाहीर केलं! दिवसाढवळ्या दरोडा. टेबल बडवलं. शेजारचा जुना सहकारी म्हणाला, "पंडित, अहो, हॉल दणाणला. ऐकलं नाहीत?" फितूर.

१३ मार्च
अपील लिहिलं, जळजळीत. पुराव्यासाठी रेकॉर्डिंग मागवलं, आवाज पूर्ण वाढवून लावलं. "काढा"च्या पुढे शुद्ध शांतता. सापडले चोर! तेवढ्यात ही कानांवर हात ठेवून धावत आली. "बंद करा तो भोंगा!"
कोणता भोंगा?

१४ मार्च
शंका नको म्हणून हिला मागे उभं केलं. म्हटलं, हुंकार दे. डोळे मिटून बसलो. वाट पाहून पाहून चिडलो, गर्रकन वळलो. "अगं, दे की एकदाचा!"
हिचे ओठ मिटलेले, गळा थरथरत होता. श्वास घेऊन म्हणाली, "कधीची देतेय."
अपील फाडलं. कलमाचं काही नाही, गेलं तर गेलं. इतके दिवस ही माझ्या पाठीमागून काय काय बोलली असेल आणि माझ्याकडून पोच गेली नसेल, याची भीती वाटते.