सोळा कोरी पानं

प्रिय लेखिकाबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. येत्या रविवारी सातव्या पुस्तकाचा समारंभ आहे, पोरीला सकाळच्या गाडीत बसवून दे, स्टेजवर तिच्याकडून शेवटचं पान वाचून घ्यायचंय, फोटो निघतील, संध्याकाळच्या गाडीने परत पाठवते, असं तू लिहिलंस. शेजारणीची इस्त्री मागून न्यावी तसं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुला पोटची पोर लागली, तीही एका दिवसापुरती. माझी शाळा चौथीपर्यंतची, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. चुका काढत बसू नकोस. तुझ्या चुका काढायला पगारी माणसं आहेत म्हणे, माझ्याकडे ती सोय नाही.

मुलाखतीत तू सांगतेस की माझी आई पुस्तकांच्या जगात वावरायची. खरंय ते. अजूनही सकाळी नऊला बाइंडिंगच्या कारखान्यात जाते आणि छापून आलेल्या तावांना हाडाच्या पट्टीने घड्या घालते. एका तावाला घड्या पडल्या की सोळा पानांचा फर्मा होतो, असे बारा फर्मे ओळीने उचलून शिवले की तुझं पुस्तक होतं. शिवलेल्या पाठीवर प्रत्येक फर्म्याची काळी खूण दिसते. त्या खुणा पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या तर ठीक, एखादी पायरी गळली तर समजायचं फर्मा राहिला. तेहतीस वर्षांत माझी पायरी गळलेली नाही. तुझी पुस्तकंही आमच्याच टेबलावर येतात. त्या टेबलावर तुझी आई बसते हे तुझ्या प्रकाशकाला ठाऊक नाही आणि तू कशाला सांगशील. मालक एकदा म्हणाला, मावशी, ही बाई फार मोठी आहे हो, पोरं वेडी झालीत हिच्यापायी. मी म्हटलं, असेल, आपण घड्या घालाव्यात.

एक वेडी माझ्या घरातही आहे. तू 'तीन महिन्यांत येते' म्हणून गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती. आई कुठे, आई कुठे, म्हणून डोकं उठवायची. मी सांगून टाकायचे, मेली असती तर परवडलं असतं, एकदाच रडून मोकळी झाली असतीस. मग तुझं पहिलं पुस्तक आलं. धुक्याच्या राजाने आईला पळवलं आणि लेक सात दारं ओलांडून तिला शोधायला निघाली. पोरगी अक्षरं शाळेत नाही शिकली, त्या पुस्तकावर शिकली. तिला वाटतं, तू हे सगळं तिलाच कळवतेयस. बोलणारा दिवा, पाण्यातला जिना, प्रत्येकाचा ती काहीतरी अर्थ लावते. तिसऱ्या पुस्तकातली लेक मीठ सोडते, म्हणून हीसुद्धा आठवडाभर आळणी जेवली. मी दोन धपाटे घातले तेव्हा कुठे मीठ परत आलं. तिला पाठवतेस त्या प्रत्येक प्रतीवर तू 'माझ्या शूर मुलीला' लिहून सही करतेस. शाळेत एका मुलीकडे तुझ्या सहीचं पुस्तक निघालं, त्यावरही हेच लिहिलेलं. मला वाटलं, बरं झालं, आता तरी डोळे उघडतील. तर घरी येऊन मला म्हणते कशी, आजी, तिला सगळ्यांना लिहावंच लागतं गं, पण माझं लिहिताना ती हळू लिहिते, बघ अक्षर किती गोल आलंय. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीचं पुस्तक मागून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. अक्षरं सारखीच गोल होती. मी दोन्ही पुस्तकं मिटून ठेवली, आणि न बोलणं मला किती जड जातं ते तुला माहीत आहे.

सातव्या पुस्तकाचे ताव गेल्या महिन्यात आले. शेवटचा फर्मा मी जेवणाच्या सुट्टीत बोट ठेवून वाचला. राजाबिजा कुणी नव्हताच. आई आपल्या पायांनी गेली होती. आणि लेक तिच्या गळ्यात पडून म्हणते, तू गेलीस म्हणून तर मी शूर झाले, माझ्या मनात काही नाही. वा गं वा. गुन्हा आपण करायचा, माफी आपणच लिहायची, आणि पोरीला नुसतं वाचायला उभं करायचं, तेही चारशे माणसांपुढे. अगं, खून करणारा माणूससुद्धा मेलेल्याकडून शाबासकी मागत नाही.

तर टपालाने आलेली तिची प्रत मी तिच्या आधी गाठली, उसवली आणि शेवटचा फर्मा काढला. जागा मोकळी राहिली असती तर पुठ्ठा सैल बसला असता, म्हणून तेवढ्याच जाडीचा कोरा ताव घडी घालून शिवला. माझा हिशेब सोपा होता. पुस्तक मध्येच तुटलं की पोरगी वैतागेल, आणि तुझ्या नादातून एकदाची सुटेल. जन्मात मुद्दाम केलेली ही एक चूक, आणि तीच अंगाशी आली. पोरीने कोरी पानं पाहिली आणि घरभर नाचत सुटली. आईने माझ्यासाठी जागा ठेवलीय, म्हणाली, शेवट मी लिहायचाय. खरं सांगितलं असतं तर कुणी केलं तेही सांगावं लागलं असतं ना.

नऊ दिवस लिहीत होती. ती शाळेत गेल्यावर मी वाचलं. सातव्या दारावर एक म्हातारी बसलेली आहे, चष्म्याला दोरा, हातात हाडाची पट्टी. ओळखायला वेळ लागला नाही. म्हातारीने ते दार जाड धाग्याने शिवून टाकलंय. लेक टाके उसवते, आई बाहेर येते आणि दोघी एका निळ्या खोलीत राहायला जातात. जाताना म्हातारी विचारते, आणि मी? लेक म्हणते, तू शिवत बस. पुढची चार पानं नुसती त्या खोलीची आहेत, खाटा दोन, खिडकी कुठे, कुणी कुठल्या कुशीवर झोपायचं. मी पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि भांडी घासली. पोरगी तुझ्यापेक्षा बरं लिहिते. हातचं राखून लिहीत नाही.

हे पत्र एवढ्यासाठी. रविवारचं कळल्यापासून तिने पिशवी भरलीय. एका दिवसाला कुणी स्वेटर नेत नाही, तिने दोन घेतलेत. तू तिला कायमची न्यायला बोलावतेयस असं ती धरून चाललीय. संध्याकाळच्या गाडीचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तुझ्या वतीने मी आजवर पुष्कळ सांगितलं. स्टेजवर ती तुझं पान वाचणार नाही, तिच्या पुस्तकात ते नाहीच. ती स्वतःचं वाचेल, टाळ्या संपतील, आणि मग तुझ्याकडे बघेल. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर काय असेल ते आत्तापासून ठरवून ठेव. शाळा सोडल्याचा दाखला मी काढून पिशवीत तळाशी ठेवलाय. ठेवून घेतलीस तर तो लागेल. नसेल ठेवायची, तर तिला एकटीला गाडीत बसवून देऊ नकोस. स्वतः घेऊन ये, माझ्यासमोर उभी राहा, आणि तिच्या देखत मला सांग की तुझ्या घरात तिला जागा नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई